सेलेनियमचे क्षार सांडले किंवा आगीत सापडले, तर पाणी मारायचं की नाही?

सेलेनियम हे नाव विदर्भात घराघरात पोचलं ते २०२५ च्या सुरुवातीला. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, काही दिवसांत टक्कल पडलं आणि व्हॉट्सॲपवर ‘टक्कल व्हायरस’ फिरू लागला. नंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचं रक्त आणि रेशनचा गहू तपासून घेतला आणि दोन्हींत सेलेनियम बरंच जास्त असल्याचं सांगितलं. तिथे चर्चा होती अन्नातून हळूहळू पोटात जाणाऱ्या अगदी थोड्या मात्रेची. याच मूलद्रव्याचे क्षार कारखान्यात आणि ट्रकमध्ये किलोकिलोने असतात. ते सांडले किंवा आगीच्या तावडीत सापडले तर काय करायचं, हा वेगळाच प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर आगीबद्दलच्या आपल्या नेहमीच्या समजुतीच्या थोडं उलट जातं.

आधी पदार्थाची ओळख. सेलेनियमचा शोध स्वीडनच्या बर्झेलियसने १८१७ मध्ये लावला. शरीराला ते लागतं, पण प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम. रोज ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असं मानतात. म्हणजे औषध आणि विष यांच्यातलं अंतर फार कमी. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोलोचे २१ घोडे काही तासांच्या फरकाने मेले. इंजेक्शनचं मिश्रण बनवताना सेलेनियमचं प्रमाण चुकलं होतं, एवढंच कारण.

व्यवहारात सगळ्यात जास्त भेटणारा क्षार म्हणजे सोडियम सेलेनाइट. पांढरी भुकटी, दिसायला मिठासारखी. कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात घालायच्या खनिज मिश्रणात तो अगदी किंचित असतो, काचेचा हिरवट रंग घालवायला वापरतात, प्रयोगशाळांत असतो. पशुपालकांना ‘व्हिटॅमिन ई–सेलेनियम’ हे इंजेक्शन माहीत असेलच. खाद्याच्या तयार पोत्याला घाबरायचं कारण नाही, धोका आहे तो शुद्ध क्षाराच्या ड्रमला. उंदरांवरच्या चाचण्यांत वजनाच्या दर किलोमागे सुमारे ७ मिलिग्रॅम तोंडावाटे दिल्यावर निम्मे उंदीर मरतात. आंतरराष्ट्रीय वाहतुकीत सेलेनेट आणि सेलेनाइट यांना यूएन २६३० हा क्रमांक आहे आणि वर्ग ६.१, म्हणजे विषारी पदार्थ. त्यातही सगळ्यात कडक गटात.

जळत नाही, मग आगीची भीती कसली?

हे क्षार स्वतः पेट घेत नाहीत. पेटतं ते आजूबाजूचं: लाकडी पॅलेट, प्लॅस्टिकचं अस्तर, पुठ्ठा, ट्रकचं डिझेल आणि टायर. त्या उष्णतेने क्षाराचं विघटन होतं आणि धुरात सेलेनियमची विषारी संयुगं मिसळतात. शेजारी आम्ल आणि धातूची भुकटी असेल तर हायड्रोजन सेलेनाइड हा वायू तयार होण्याचा धोका असतो. हवेच्या दहा लाख भागांत हा वायू एक भाग असला, तरी ती पातळी जिवाला तत्काळ धोक्याची मानली जाते. सेलेनियमच्या धुराला सडक्या मुळ्यासारखा वास येतो असं वर्णन करतात. पण वास आला की पळू, असा हिशेब करू नये. वास येतोय याचा अर्थ ते श्वासातून आत गेलेलं आहे.

म्हणून अशा आगीत शिरणाऱ्या जवानाला श्वसनयंत्र लागतंच. साधा मास्क किंवा ओला रुमाल इथे कामाचा नाही. अग्निशमन दलाचा नेहमीचा जाड कोट उष्णतेपासून वाचवतो, रसायनापासून फारसा नाही. सांडलेल्या मालाला हात लावायचा असेल, तर रसायनरोधक पोशाख वेगळा लागतो.

खरी अडचण पाण्याची

सोडियम सेलेनाइट पाण्यात सहज विरघळतं. कोरडी भुकटी जिथे पडली तिथेच पडून राहते. बंबाचा जोरदार झोत तिच्यावर मारला की काही भुकटी हवेत उडते आणि उरलेली विरघळून गटारात जाते.

हे किती महागात पडतं, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. या क्षारात वजनाने सुमारे ४५ टक्के सेलेनियम असतं. २५ किलोचा एक ड्रम म्हणजे ११ किलोहून थोडं जास्त सेलेनियम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. एका ड्रममधलं सेलेनियम त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला जवळपास ११४ कोटी लिटर पाणी लागेल. ऑलिंपिकचे साडेचारशेहून जास्त तरणतलाव! एका ड्रमसाठी.

आगीपेक्षा आग विझवण्याच्या पाण्याने जास्त नुकसान केल्याचं जगातलं सर्वात गाजलेलं उदाहरण स्वित्झर्लंडमधलं आहे. १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे बासेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. ती विझवायला हजारो घनमीटर पाणी वापरलं गेलं आणि त्याच पाण्याने कीटकनाशकं आणि पाऱ्याची संयुगं वाहून ऱ्हाइन नदीत नेली. नदी लाल झाली आणि ईल मासे लाखाच्या घरात मेले. तिथे सेलेनियम नव्हतं, पण धडा तोच. त्यानंतर युरोपात रसायनांच्या गोदामांखाली आगीचं पाणी अडवणारे हौद बांधण्यावर भर दिला गेला.

मग पाणी मारायचंच नाही का? मारायचं, पण वेगळ्या पद्धतीने. अमेरिका-कॅनडात तयार झालेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुकमध्ये यूएन २६३० साठी मार्गदर्शिका क्रमांक १५१ लागू होते. ती सांगते की लहान आगीला कोरडी पावडर, कार्बन डायऑक्साइड किंवा फवारा पुरतो. मोठ्या आगीला पाण्याचा बारीक फवारा, धुकं किंवा फेस वापरायचा. जोरदार झोताने माल विखुरायचा नाही. धोका नसेल तर न तापलेले ड्रम आधी बाजूला काढायचे. डब्यांच्या आत पाणी जाऊ द्यायचं नाही. आणि वापरलेलं पाणी मातीचा बांध घालून अडवायचं.

आग नाही, नुसतीच भुकटी सांडली आहे, तर काम सोपं आहे पण चिकाटीचं. भुकटीवर प्लॅस्टिक किंवा ताडपत्री झाकायची, म्हणजे वारा आणि पाऊस तिला हलवणार नाही. पावसाळ्यात हे सगळ्यात पहिलं काम. जवळच्या गटाराची तोंडं मातीच्या पोत्यांनी बंद करायची. मग कोरडी वाळू किंवा माती टाकून सगळं हळूच उचलायचं आणि झाकणाच्या डब्यात भरायचं. झाडूने झाडायचं नाही, धूळ उडते. पाईप लावून रस्ता धुणं हा आपला आवडता उपाय आहे, इथे तो सगळ्यात वाईट.

नागपूरचा संबंध

श्रीनगर–कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि हजिरा–पारादीप हा ५३ नागपुरात एकमेकांना छेदतात. शिवाय हिंगणा आणि बुटीबोरी या औद्योगिक वसाहती. त्यामुळे देशभरचा रासायनिक माल या शहराजवळून जातो. नाग नदीत गेलेलं पाणी पुढे कन्हानमार्गे गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोचतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

योगायोग असा की आपत्तीला तोंड द्यायला शिकवणाऱ्या देशातल्या मोठ्या संस्थाही इथेच आहेत. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि वर्षभरात नागपूरला आलं. देशभरातले अग्निशमन अधिकारी इथे शिकतात. १९५७ मध्ये स्थापन झालेलं नागरी संरक्षण महाविद्यालय आता एनडीआरएफ अकादमीचा भाग आहे. पाण्यातले विषारी घटक तपासणारी नीरीही इथलीच. स्फोटकं आणि पेट्रोलियमवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालयही नागपुरात, पण तिचा कायदा मुख्यतः स्फोट होणाऱ्या, पेटणाऱ्या आणि सिलिंडरमध्ये भरलेल्या मालासाठी आहे. गुपचूप पडून राहणारी पांढरी भुकटी त्यात बसत नाही. अशा रासायनिक दुर्घटनेत जिल्ह्याची सूत्रं कोणाकडे, हे १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी ठरवलंय: जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचा जिल्हा आपत्ती गट.

रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाने काय करायचं?

ट्रक उलटला की पहिली दहा मिनिटं तिथे बंब नसतो, मोबाईल घेतलेली गर्दी असते. त्या मोबाईलचा एकच चांगला उपयोग आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार घातक माल नेणाऱ्या गाडीवर आणीबाणीचा माहितीफलक लावावा लागतो. त्यावर पदार्थाचं नाव, धोक्याचा वर्ग, मालकाचा आणि मदतीचा फोन असतो. विषारी मालासाठी पांढऱ्या चौकटीत कवटी आणि हाडं. लांबून झूम करून त्या फलकाचा फोटो घ्या आणि ११२ किंवा १०१ ला फोन करून तोच मजकूर वाचून दाखवा. अनेक फलकांवर दोन-तीन अक्षरांचा हॅझकेम संकेतही असतो. त्यात डब्ल्यू, एक्स, वाय किंवा झेड दिसलं, तर अर्थ असा की पाणी वाहू द्यायचं नाही, अडवायचं.

घन पदार्थ सांडला असेल तर सर्व बाजूंनी किमान २५ मीटर मागे. टँकर किंवा मालाने भरलेला मोठा ट्रक आगीत असेल तर ८०० मीटर. वारा आपल्या पाठीवर असेल अशा बाजूला जा. सखल जागेत, नाल्यात थांबू नका. सांडलेली पोती ‘फुकटचं खत’ म्हणून उचलण्याचा मोह विदर्भातच काय, कुठेही होतो. ते करू नका.

कोणाच्या अंगावर भुकटी पडली असेल तर एक बारकावा आहे. रस्त्यावरच्या भुकटीला पाणी नको, अंगावरच्या भुकटीला हवं. आधी कपडे काढायचे, कोरडी भुकटी हलकेच झटकायची (झटकणाऱ्याच्या हातात मोजे हवेत), मग वाहत्या पाण्याने कातडी आणि डोळे किमान २० मिनिटं धुवायचे. पोटात किंवा श्वासात गेलं असेल तर तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नये, आणि उलटी करवू नये. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा आणि डॉक्टरांना पदार्थाचं नाव सांगा. सेलेनियमवर ठरावीक उतारा नाही, उपचार लक्षणांप्रमाणे होतात. श्वासाला लसणासारखा वास, मळमळ, उलट्या, जुलाब ही ओळखीची लक्षणं. धूर श्वासात गेला असेल तर फुप्फुसात पाणी साठायला काही तास लागू शकतात. त्यामुळे ‘आता बरं वाटतंय’ म्हणून रुग्णाला घरी नेऊ नये.

आग विझल्यावरही काम संपत नाही. जवानांचे बूट, होज आणि गाडी धुतलेलं पाणीही साठवावं लागतं. गोळा केलेली माती घातक कचरा म्हणून बंद डब्यांतून प्रक्रिया केंद्राला जाते. विदर्भासाठी असं केंद्र बुटीबोरीत आहे. आसपासच्या विहिरी, बोअरवेल आणि नाल्याचे नमुने तपासून अहवाल येईपर्यंत ते पाणी माणसांनी प्यायचं नाही आणि जनावरांनाही पाजायचं नाही. उकळून सेलेनियम जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं.