चंपकारण्य आणि बुचाचे रान

कुंभकोणच्या पूर्वेस सुमारे सहा किलोमीटरांवर तिरुनागेश्वरम् आहे. राहूचे क्षेत्र म्हणून ते आज प्रसिद्ध असले, तरी स्थलपुराणात त्याचे नाव चंपकारण्य असे येते आणि नागनाथाच्या देवालयाचा स्थलवृक्षही सोनचाफाच आहे. अप्पर, संबंदर आणि सुंदरर या तिघांनीही हे क्षेत्र गायिले. बाराव्या शतकात ‘पेरियपुराणम्’ रचणाऱ्या शेक्किळाराची या स्थानावर एवढी भक्ती, की आपल्या कुन्रत्तूर गावी त्याने याच नावाचे दुसरे मंदिर उभारले. मात्र अरण्य म्हणावे असे येथे काही नाही. दृष्टी पोचेल तेथवर भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि कावेरीचे कालवे. १६७६ च्या सुमारास एकोजींनी तंजावर घेतले. त्यांच्यामागून या मुलखात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हेच दृश्य दिसले असले पाहिजे.

मग हे अरण्य होते तरी कोणते? कुंभकोणच्या परिसरात शैवांची ‘पंच आरण्य’ क्षेत्रे आहेत. तिरुक्करुकावूर हे मुल्लैचे, म्हणजे जुईचे वन. अवळिवणल्लूर पाडळीचे, हरिद्वारमंगलम् शमीचे, तिरुक्कोळ्ळंबुदूर बेलाचे आणि आलंगुडी पूळैचे. पूळै हे तर गुडघाभर उंचीचे, पांढऱ्या तुऱ्यांचे रोपटे आहे! त्याच्या ‘वना’वरून या नावांतील अरण्य शब्द किती सैल आहे, हे ध्यानात यावे. तथापि ही सर्वच नावे कविकल्पना म्हणून बाजूला सारता येत नाहीत. चिदंबरमचे जुने नाव तिल्लै. तिल्लै हे खारफुटीतील झाड. आज ते चिदंबरम नगरात नव्हे, तर जवळच्या पिच्चावरमच्या खाडीत वाढते. किनारा आणि खाजण कधी काळी कोठवर होते, याची साक्ष त्या नावात राहिली आहे. तिरुविडैमरुदूरचा मरुदम् म्हणजे अर्जुन हाही स्वभावतःच नदीकाठचा वृक्ष. संगम साहित्यात सुपीक शेतीच्या भूमीला त्याच मरुदमचे नाव मिळाले, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

सोनचाफ्याचे प्रकरण निराळे. तो ओल्या, डोंगराळ सदाहरित रानांचा वृक्ष आहे. सह्याद्रीच्या पावसाळी उतारांवर तो आपोआप उगवतो. पाणी साचणाऱ्या गाळाच्या सखल भूमीत त्याचे घनदाट नैसर्गिक रान असणे कठीण. माझ्या मते चंपकारण्य ही मुळात पूजेच्या फुलांसाठी लावलेली व जोपासलेली वृक्षवाटिका असावी. म्हणजे हे अरण्य मनुष्याच्या हातचे होते.

मनुष्याच्या हातच्या अरण्याचे आयुष्य कशावर अवलंबून असते, हे पाहायचे तर एक दूरचे उदाहरण उपयोगी पडते. मराठीत आपण ‘बुचाचे झाड’ म्हणतो ते उंच, रात्री फुलणारे सुगंधी झाड ब्रह्मदेशाकडील. त्याची भेगाळलेली साल पाहून रॉक्सबर्गने त्याला लॅटिनमधील ‘सुबेर’, म्हणजे बूच, या शब्दावरून नाव दिले. खऱ्या बुचाचा वृक्ष हा भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातील एक ओक आहे. पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, इटली आणि फ्रान्स मिळून त्याची राने सुमारे एकवीस लक्ष हेक्टरांवर आहेत, आणि जगातील निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमधून येते. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली आणि ‘सेल’ या संज्ञेला जन्म देणारी घरे याच सालीची.

उन्हाळा कोरडा आणि वणव्यांचा; या हवामानाला दिलेले उत्तर म्हणजे ही जाड साल. हवेने भरलेल्या मृत पेशींचे ते कवच आतील अंकुर वाचवते आणि वणव्यानंतर शेंड्याच्या फांद्यांतूनच पुन्हा पालवी फुटते. पंचवीस वर्षांच्या आसपास झाड पहिल्या सोलणीला येते. पुढे नऊ-नऊ वर्षांनी कुऱ्हाडीने, आतील जिवंत थराला धक्का न लावता, साल उतरवतात. बाटलीच्या बुचाजोगी साल तिसऱ्या सोलणीत मिळते. तोवर झाड चाळिशी ओलांडते. लावणारा बहुधा ती पाहत नाही. सोललेल्या तांबूस खोडावर वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात, म्हणजे पुढची पाळी चुकत नाही. झाडांखाली सिस्टसची चिकट झुडपे, लॅव्हेंडर, रोझमेरी आणि लाल फळांचा आर्बुटस. मोकळ्या जागी गवत, मेंढ्या, ओकची फळे खाणारी डुकरे. चराई फार झाली तर रोपे उरत नाहीत. ती अगदीच थांबली तर झुडपे माजतात आणि पुढच्या वणव्याला सरपण मिळते. या मानवनिर्मित रचनेत आयबेरियन लिंक्स आणि शाही गरुड यांनाही आश्रय आहे.

तेथेही धान्याने रानावर चाल केलीच. १९२९ मध्ये पोर्तुगालने गव्हाची मोहीम काढली, तेव्हा आलेंतेझू प्रांतात ओकांच्या मुळांवरून नांगर फिरले. पुढे प्लॅस्टिकची आणि पत्र्याची झाकणे आली, मुळे कुजवणाऱ्या फायटॉफ्थोराने झाडे वाळू लागली. पण परवानगीवाचून हा वृक्ष तोडण्यास तेथे कायद्याने बंदी आहे आणि २०११ मध्ये तो राष्ट्रीय वृक्ष ठरला. कायद्याच्या आधीपासून त्याला राखले ते त्याच्या सालीने. उभे झाड तोडलेल्या झाडापेक्षा अधिक मोलाचे होते.

कावेरीच्या खोऱ्यात भाताशी अशी स्पर्धा करील असे उत्पन्न कोणत्या झाडाचे होते? सोनचाफ्याची फुले देवाला हवीत, पण त्यासाठी चार झाडे पुरतात. म्हणून वन गेले आणि देवळाच्या आवारातील वृक्ष राहिला. अर्जुनाची गोष्ट मात्र बुचाच्या ओकाजवळ जाते. त्याची साल वैद्य हृदयविकारावर देतात. खोडाच्या एका बाजूने, आतील थर राखून काढली तर ती पुन्हा भरून येते आणि भोवतालून वेटोळे काढले तर झाड मरते. तिरुनागेश्वरम्‌हून तिरुविडैमरुदूर फार दूर नाही. तेथील महालिंगाच्या देवळाचा स्थलवृक्ष हाच अर्जुन.