बाजाराच्या दारातला हंडा : मुक्तिफौजेच्या नाताळाची वाटचाल

1891 च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर तिपाईला टांगलेला एक लोखंडी हंडा दिसू लागला. तो टांगणारा होता मुक्तिफौज या ख्रिस्ती संस्थेचा कॅप्टन जोसेफ मॅक्फी. नाताळच्या दिवशी शहरातल्या हजारभर गरिबांना पोटभर जेवू घालायचं त्याने मनावर घेतलं होतं, पण पदरी पैसा नव्हता. तरुणपणी तो खलाशी होता. त्या काळात लिव्हरपूलच्या धक्क्यावर त्याने असाच एक हंडा पाहिला होता. बोटीतून उतरणारे लोक जाता जाता त्यात नाणी टाकत आणि त्यातून गोरगरिबांची सोय होई. मार्केट स्ट्रीटच्या टोकाला, ओकलंडच्या फेरीबोटी जिथे लागत तिथे, मॅक्फीने आपला हंडा मांडला. नाताळला जेवण झालं.

हंडा कुठे मांडला, हे महत्त्वाचं आहे. चर्चच्या आवारात दानपेटी ठेवली असती तर तिच्यात भाविकांची नाणी पडली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. मॅक्फी उभा राहिला तो कामावरून परतणाऱ्या, खरेदीला निघालेल्या माणसांच्या वाटेत. नाताळाचा बाजार झाला म्हणून हळहळणारे आपण पुष्कळ आहोत. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ त्याच बाजाराच्या दारात उभं राहून ख्रिस्ताची आठवण देणारी दुसरी संस्था मला तरी माहीत नाही. तिला ते नेहमी नीट जमलं असं मात्र नाही.

रस्त्यावर उभं राहणं मुक्तिफौजेच्या रक्तातच होतं. विल्यम आणि कॅथरीन बूथ यांनी 1865 मध्ये पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत मिशन सुरू केलं आणि 1878 मध्ये त्याला मुक्तिफौज हे नाव दिलं. या मंडळीत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी होत नाहीत. विश्वास दिसायचा तो जगण्यातून आणि चव्हाट्यावरच्या साक्षीतून. 1868 च्या नाताळाची एक हकिकत बूथ यांचे पुत्र ब्रॅमवेल यांनी सांगून ठेवली आहे. सकाळच्या उपासनेहून वडील घरी आले ते अस्वस्थ होऊन. सणाच्या दिवशी गरिबांना दारूच्या गुत्त्याखेरीज जायला जागा नाही, हे त्यांनी वाटेत पाहिलं होतं. असा नाताळ आपण पुन्हा पाळायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या वर्षी बूथ यांच्या स्वयंपाकघरात पुडिंगं शिजली आणि वस्तीत वाटली गेली. पुढच्या साऱ्या मोहिमांचं बी या एका घरात पडलं, असं मी मानतो.

बाजाही आला तो रस्त्यावरच्या गरजेतून. 1878 मध्ये सॉल्सबरी गावातले चार्ल्स फ्राय आणि त्यांचे तीन मुलगे मैदानी सभांना पितळी वाद्यं घेऊन येऊ लागले. दगडफेक करणाऱ्यांपासून प्रचारकांचं रक्षण व्हावं, हा त्यांचा पहिला हेतू होता. वाद्यांनी गर्दी जमते आणि दंगा निवतो, हे लवकरच लक्षात आलं. तेव्हापासून डिसेंबरात भर बाजारात पितळी बाजावर ख्रिस्तजन्माची गाणी वाजवणं ही फौजेची ओळख झाली. गर्दीतल्या माणसाला बाळाची, गव्हाणीची, मेंढपाळांची गोष्ट फुकटात ऐकू येते, तीही त्याने चर्चची पायरी न चढता. हंड्यापेक्षा हा बाजा मला मोलाचा वाटतो.

कहाणीतलं पुढचं पान मुंबईतून जातं. बिहारमधल्या मुंगेरला जन्मलेले फ्रेडरिक टकर पंजाबात इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये होते. बूथ यांच्या कार्याने भारावून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि 19 सप्टेंबर 1882 रोजी फौजेची पहिली तुकडी घेऊन ते मुंबईत उतरले. फौज येणार म्हणून बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांनी बाकीचे सैनिक कधी येणार, अशी चौकशी केली म्हणतात. तुकडीत माणसं होती चार! गात-वाजवत मिरवणुका काढल्याबद्दल मुंबईत त्यांची धरपकड झाली. टकर तुरुंगात गेले, तेव्हा ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन त्यांच्या बाजूने बोलले. पुढे टकर यांनी भगवी वस्त्रं घातली, फकीरसिंग हे नाव घेतलं, ते अनवाणी हिंडले, गुजरातेत भिक्षापात्र घेऊन दारोदार गेले आणि मिळेल ते हाताने जेवले. 1888 मध्ये बूथ यांची कन्या एमा यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ते बूथ-टकर झाले.

हेच दांपत्य 1896 मध्ये अमेरिकेतल्या फौजेचं नेतृत्व करायला गेलं. त्यांच्याच कारकिर्दीत, 1897 मध्ये, मॅक्फीचा हंडा पश्चिम किनारा सोडून बॉस्टन आणि न्यूयॉर्कला पोचला. त्या वर्षी देशभरात मिळून दीड लाख गरिबांना नाताळचं जेवण मिळालं, असं फौजेचा इतिहास सांगतो. तोवर न्यूयॉर्कमधल्या मेसीजसारख्या दुकानांनी नाताळसाठी काचेआडचे देखावे सजवायला सुरुवात करून वीसेक वर्षं झाली होती. देखाव्यासमोर हंडा आणि हंड्याशेजारी गणवेशातली बाई किंवा बुवा, हे चित्र तेव्हाच पक्कं झालं.

शतक पालटता पालटता फौजेने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रचंड जेवणावळी घातल्या. हजारो गरीब एका छताखाली जेवले. पण वर गॅलरीत तिकीट काढून बसलेले सुखवस्तू लोक होते, खाली चाललेलं ते जेवण पाहायला आलेले. ही गोष्ट वाचून मला वाईट वाटलं, आणि ज्या बूथ-टकरांनी गुजरातेत गरिबांच्या पंगतीत बसून घास घेतला त्यांच्याच अमलात हे घडलं म्हणून जास्तच वाटलं. हेतू शुद्ध होता, तिकिटाचा पैसाही बहुधा सत्कारणी लागला. तरी जेवणाऱ्याकडे वरून पाहिलं की पंगत मोडते. ज्याच्या आईबापांना उतारशाळेत जागा मिळाली नाही त्याच्या वाढदिवशी भुकेलेला माणूस तमाशा ठरला, तर गाणी कितीही गायली तरी ख्रिस्त त्या मांडवाबाहेर उभा राहतो. बाजार चर्चमध्ये शिरतो तो नेहमी झगमगाट घेऊनच शिरतो असं नाही. चांगल्या कामाची जाहिरात करतानाही शिरतो.

या फौजेचं एक मात्र खरं, की तिने वाट बदलली. जेवणावळींच्या जागी शिध्याच्या टोपल्या आल्या, पुढे किराण्याची चिठ्ठी आली. आई आपल्या घरात, आपल्या चुलीवर, आपल्या लेकरांसाठी नाताळचं रांधू लागली. हा बदल बातम्यांत मोठा झाला नाही. मला तो साऱ्या वाटचालीतला सर्वांत ख्रिस्ती निर्णय वाटतो.

एमा 1903 मध्ये मिसुरीत रेल्वे अपघातात गेल्या. अमेरिकेची धुरा त्यांची धाकटी बहीण इव्हांजेलिनकडे आली आणि तिने ती 1934 पर्यंत वाहिली. या काळात हंड्याशेजारी वाजणाऱ्या घंटेचा आवाज अमेरिकन डिसेंबरात मुरला, इतका की पुढे तो सिनेमात आणि गाण्यांतही गेला. घंटा ओळखीची होता होता तिच्यामागची गोष्ट धूसर झाली. घंटा वाजवणारे पुढे सांताच्या टोपीतही दिसू लागले. मला ते रुचत नाही. गणवेश पाहून माणूस निदान विचारतो की तुम्ही कोण. सांताला कोणी काही विचारत नाही.

1979 मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग इथे फौजेच्या मेजर व्हाइट दांपत्याने मॉलमध्ये एक झाड उभं केलं. गरीब मुलांना काय हवं ते देवदूताचं चित्र असलेल्या कागदांवर लिहून ते फांद्यांना लावले. येणारा एक कागद उचलतो, त्या मुलाचा कोट किंवा बाहुली विकत घेतो आणि आणून देतो. ही बाजारशरणताच झाली, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. खरेदीला निघालेल्या माणसाच्या यादीत एका अनोळखी लेकराचं माप, वय आणि इच्छा येते, आणि यादी मुळापासून बदलते. हंडा असो की झाड, अडचण येते ती पैसा दुकानात शिरल्याने नाही, मुलाचं माणूसपण मागे पडल्याने.

दुकानांची मर्जी मात्र फिरते. 2004 मध्ये टार्गेट या मोठ्या साखळीने आपल्या दारात हंडा ठेवायला मनाई केली; कोणालाच दारात मागू द्यायचं नाही, असा त्यांचा नियम. कायदा त्यांच्या बाजूने होता. पण दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहणाऱ्याचं बळ किती, ते त्या हंगामात कळून चुकलं. दुसरीकडे 1997 पासून थँक्सगिव्हिंगच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात, टीव्हीवरच्या भव्य कार्यक्रमाने, हंड्याचा हंगाम सुरू होतो. 2010 च्या दशकातल्या हंगामांत एकेका वर्षी दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्यातून निवारे चालतात, स्वयंपाकघरं चालतात, म्हणून मी या आकड्याला नाक मुरडणार नाही. पण मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या गॅलरीची आठवण मध्यंतराच्या रोषणाईत मला येते, हेही लपवणार नाही. आता फोन टेकवूनही दान देता येतं. आणि स्वयंसेवक पुरत नाहीत तिथे घंटा वाजवायला रोजंदारीची माणसं ठेवतात. थंडीत तासन्‌तास उभ्या असलेल्या त्या माणसाला डिसेंबरची मजुरी हीच नाताळची मदत असते. त्याला कोणी गरम चहा आणून देतं का, हे मला जमलेल्या रकमेआधी जाणून घ्यावंसं वाटतं.

आपल्याकडे हंड्याला ते वलय लाभलं नाही. इथे मुक्तिफौज म्हटलं की दवाखाने आणि वसतिगृहं आठवतात. अहमदनगरचं, आताच्या अहिल्यानगरचं, बूथ हॉस्पिटल इव्हांजेलिन बूथ यांच्या नावाने उभं आहे. 2020 च्या करोनाकाळात या इस्पितळाने जिल्ह्यातल्या रुग्णांसाठी जे केलं ते सर्व धर्मांच्या लोकांनी पाहिलं. मुंबईत कुलाब्याला, ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीत, फौजेचं रेड शील्ड हाऊस आहे. बेतास बात पैसे असलेल्या वाटसरूंना तिथे कित्येक वर्षं स्वस्तात पाठ टेकायला मिळाली. हंडा नाही, घंटा नाही, पण उतारशाळा आहे!

आपल्या मराठी मंडळ्यांकडे तर गाणं आहेच. घराघरावर तारा लागतो, तरुण मंडळी ढोलकी-टाळ घेऊन रात्री घरोघर ख्रिस्तजन्माची गीतं गात फिरतात, करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट शेजाऱ्याकडे जातं. हे सगळं आपण आपल्याच आळीत करतो. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये तेव्हा कापसाच्या बर्फात सांता उभा असतो आणि गर्दीला वाटतं, नाताळ तो हाच. येत्या डिसेंबरात आपल्या तरुणांनी परवानगी काढून त्या दाराशी एक संध्याकाळ गावं. नारायण वामन टिळकांची भजनं आपल्याजवळ आहेत, ढोलकी आहे. दानपात्र ठेवायचंच असेल तर ठेवावं, पण ते त्याच रात्री रिकामं करावं, आणि त्या पैशाच्या जेवणाला मॉलचे पहारेकरी आणि सफाई कामगार यांच्याबरोबर आपणही पंगतीत बसावं.