कचेरी नवी, दप्तर जुने

25 जून 1998 रोजी मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत ‘विंडोज 98’ विक्रीला आणले. सहा दिवसांनी, 1 जुलैला, अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा कचेऱ्यांत संगणक शिरला तेव्हा तिथे कारकुनांच्या कित्येक पिढ्यांचे कागद रचून ठेवलेले होते. वाशीमची कचेरी मात्र संगणकाच्या काळातच उभी राहिली. त्यामुळे इथे सगळे सोपे गेले असेल, असे कुणालाही वाटेल. पण कचेरी नवी असली तरी दप्तर जुने होते, आणि पुढच्या पंचवीस वर्षांतला खरा घाम ते दप्तर नव्या यंत्रात वाहून नेण्यातच गळला.

तसा जिल्हेपणाचा अनुभवही वाशीमला नवा नव्हता. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवल्यावर पुढे या प्रांताचे जे सहा जिल्हे झाले, त्यांत बासीम, म्हणजेच वाशीम, हा एक होता. 1905 च्या फेररचनेत सहाचे चार झाले. पुसद यवतमाळकडे गेले, वाशीम आणि मंगरूळ अकोल्याकडे. त्यानंतर 93 वर्षे वाशीमकरांची जिल्हा कचेरी अकोल्याला होती. अपील असो, नक्कल असो, कागद तिकडे जायचा आणि तिकडूनच यायचा.

त्या कागदाची वाट ठरलेली होती. टपाल बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, येई, त्यावर आवक क्रमांक पडे, ते कार्यविवरण नोंदवहीत चढे आणि संबंधित कारकुनाच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात जाई. हे गठ्ठेही सहा. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद. कुठला कागद किती वर्षे जपायचा हे अ, ब, क, ड या वर्गांवरून ठरे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी ही जुनी शिस्त झाडून पुसून पुन्हा उभी केली आणि ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर गाजला. त्यात संगणकाचा मागमूस नव्हता. तरीही महाराष्ट्राच्या कार्यालयीन इतिहासात या सुधारणेला वरचे स्थान द्यायला हवे, कारण ज्या कचेरीचे गठ्ठे नीट लागलेले होते तिथेच पुढे संगणकीकरणाला काही अर्थ आला.

त्याच सुमारास दिल्लीत दुसरी खटपट चालू होती. 1976 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, डॉ. एन. शेषगिरी यांच्या नेतृत्वाखाली देशातली जिल्हा मुख्यालये एका जाळ्यात आणायचे ठरवले. जिल्ह्याच्या गावांतल्या टेलिफोनच्या तारांवर भरवसा नव्हता, म्हणून जाळे उपग्रहावर बांधले. 1980 चे दशक संपता संपता ‘निकनेट’ची छोटी भूकेंद्रे जिल्हाधिकारी कचेऱ्यांत बसू लागली. वाशीम तेव्हा तालुक्याचे गाव असल्याने या नकाशात नव्हते. जिल्हा झाल्यावरच एनआयसीचे जिल्हा केंद्र वाशीमला आले. पुढे राज्याचे ‘महास्वान’ हे जाळे आणि 2010 नंतर राष्ट्रीय ज्ञान जाळे आल्यावर उपग्रहाची जागा जमिनीखालच्या फायबरने घेतली.

तार जोडली गेली, पण मराठी तिच्यातून जाईना.

हा अध्याय आज विसरला गेला आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन ‘श्रीलिपी’, सी-डॅकचे ‘आयएसएम’, ‘आकृती’ अशा सॉफ्टवेअरवर चाले. प्रत्येकाची अंतर्गत मांडणी वेगळी. एका कचेरीत ‘योगेश’ फॉन्टात टंकलेले परिपत्रक ज्या संगणकात तो फॉन्ट नाही तिथे उघडले, की पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची रांग दिसे. ‘मंगरूळपीर’ हे नाव शोधूनही सापडत नसे, कारण संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतेच. इंग्रजी चिन्हांना चढवलेला तो मराठी चेहरा होता. उपाय एकच. कागद छापायचा, सही-शिक्का करायचा आणि फॅक्स करायचा किंवा स्कॅन करून ईमेलला जोडायचा. पलीकडचा कारकून तो पुन्हा छापून बारनिशीत आवक क्रमांकाला देई. ईमेल आला तरी टपालाची वही बंद झाली नाही, याचे मोठे कारण हे होते.

या गुंत्याची सर्वांत मोठी किंमत सात-बाराने मोजली. जमीन अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी केंद्राने 1988-89 मध्ये देशातले जे आठ जिल्हे प्रयोगाला निवडले, त्यांत विदर्भातला वर्धा होता. पुढे तालुक्या-तालुक्यांतून उतारे संगणकात भरले गेले. मात्र ही माहिती ज्या त्या तहसिलीत, जुन्या फॉन्टात, एकमेकांशी न बोलणाऱ्या यंत्रांत पडून राहिली. ‘ई-फेरफार’ आणायचा तर ती युनिकोडमध्ये उतरवून मध्यवर्ती सर्व्हरवर चढवणे भाग होते. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की सूचना तहसिलीत आपोआप जावी, तलाठ्याने नोटीस काढावी, मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी, अशी ही रचना.

चुका उघड झाल्या त्या इथे. एका गटाचे एकूण क्षेत्र एक आणि खातेदारांच्या हिश्श्यांची बेरीज दुसरीच. वारसाचे नाव अर्धे, बोजा फिटूनही तसाच. हाताच्या उताऱ्यावर तलाठी या गोष्टी नजरेने समजून घेत होता; यंत्र समजून घेत नाही. मग ‘एडिट’ आणि ‘री-एडिट’ ही मॉड्युले आली, तलाठ्यांनी ओळीन् ओळ हस्तलिखिताशी ताडली आणि 2017 च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झाले. गावापुढे संगणकीकृत सात-बारा मोठ्याने वाचायचा आणि खातेदाराने चूक दाखवायची. संथ सर्व्हरमुळे अनेकांनी ही कामे रात्री जागून उरकली, त्याविरुद्ध तलाठी संघटनांनी आवाजही उठवला. 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा सुरू झाला, तो या श्रमांवर. आज ग्राम महसूल अधिकारी म्हणवल्या जाणाऱ्या या माणसांचे नाव कुठल्याही संगणकीकरणाच्या इतिहासात ठळकपणे यायला हवे.

2018 मध्येच गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादसह वाशीम ‘आकांक्षित जिल्हा’ ठरला. आरोग्य, शिक्षण, शेतीचे आकडे दरमहा भरायचे आणि त्यावर देशभरातल्या शंभरावर जिल्ह्यांत क्रमांक लागायचा. जाळे बंद पडणे ही आता कारकुनाची अडचण राहिली नाही. जिल्ह्याचे काम त्यावर तोलले जाऊ लागले.

ईमेलचे वळण उशिरा आले. कित्येक वर्षे सरकारी अधिकारी खासगी कंपन्यांचे फुकट पत्ते सर्रास वापरत. फेब्रुवारी 2015 मध्ये केंद्राने ईमेल धोरण जाहीर करून सरकारी कामाला सरकारी सेवाच वापरावी असे सांगितले. त्यात पदनामाचा पत्ता हा फार शहाणपणाचा भाग आहे. अधिकारी बदलला तरी पत्रपेटी पदाकडे राहते, जशी बारनिशी राहते. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने ठप्प झाल्यावर जुन्या यंत्रणेचा धोका सर्वांनाच कळला. 2023 मध्ये केंद्राच्या ईमेल सेवेचे काम सात वर्षांसाठी झोहो या भारतीय कंपनीकडे गेले आणि सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांची खाती तिच्या यंत्रणेवर आली. जिल्ह्याचे संकेतस्थळही जुना एनआयसीचा पत्ता सोडून ‘वाशीम डॉट गव्ह डॉट इन’वर गेले.

कागदाला अ, ब, क, ड वर्ग लावणारी शिस्त मात्र ईमेलला तितक्या काटेकोरपणे लागलेली नाही. एखाद्या पूरग्रस्त गावाच्या मदतीचा पत्रव्यवहार किती वर्षे जपायचा, हे कारकुनाच्या मर्जीवर किंवा पेटीच्या जागेवर सोडता येणार नाही. जिल्हा कचेऱ्यांनी हे आताच ठरवले पाहिजे.

आणि ज्यांच्या नावे वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा यांपैकी कुठेही जमीन आहे त्यांनी आपला सात-बारा संकेतस्थळावर उघडून पाहावा. स्वाक्षरीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. तो घरातल्या जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी ओळीने ताडावा, क्षेत्राची बेरीज स्वतः करावी. चूक लेखनातली असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. जुना उतारा हाताशी आहे तोवरच हे काम सोपे आहे.