नद्यांनी कुणाला सांगायचं?

गोदावरीत बुडी मारून पाप धुणारा माणूस ते पाप पुढे कुठे जातं याची चौकशी करत नाही. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या स्थलपुराणाने ती केली आहे. गंगा, यमुना, गोदावरी, कावेरी अशा नऊ नद्या लोकांची पापं घेऊन घेऊन जड झाल्या आणि शंकराकडे गेल्या: आता आम्ही हे कुठे टाकायचं? शंकराने त्यांना इथल्या महामहम तळ्याकडे धाडलं. काठावरच्या काशी विश्वनाथाच्या देवळात या नवकन्यांच्या मूर्ती आहेत. दर 12 वर्षांनी, गुरू सिंह राशीत आणि चंद्र मघा नक्षत्रात असताना, इथे पर्वणी भरते. मागची 2016 मध्ये झाली. नाशिकच्या सिंहस्थाचाही गुरू हाच. तिथे गंगा गोदावरीच्या भेटीला येते म्हणतात, आणि गुरू कन्येत गेला की नरसोबाच्या वाडीला कृष्णेकडे.

पाप वेगळं, मनातली चिंता वेगळी, हे मान्य. पण दोन्ही दुसऱ्याकडे सोपवता येतात ही समजूत एकच आहे. आणि सोपवून घेणाऱ्याचं काय, हा प्रश्नही.

तमिळ मुलखातली एक लोककथा ए. के. रामानुजन यांनी 1991 च्या आपल्या संग्रहात घेतली आहे. (कुंभकोणमला वाढलेले ते गणिती रामानुजन वेगळे.) एका विधवेला दोन मुलगे, दोन सुना. चौघेही छळणार, आणि ही कुणाजवळ बोलणार नाही. दुःख गिळून गिळून ती फुगत गेली, त्यावरही घरचे हसले. एक दिवस ती गावाबाहेरच्या पडक्या घरात शिरली आणि एकेकाचं गाऱ्हाणं एकेका भिंतीला सांगत सुटली. प्रत्येक गाऱ्हाण्यागणिक एक भिंत कोसळली, आणि बाई हलकी होत गेली. ऐकणारा कोसळतो, हे इतक्या निर्विकारपणे सांगणारी गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

म्हणूनच की काय, लोकांनी दगड पसंत केला. शिवालयात नंदीच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजणारे भाविक कुंभकोणमलाही दिसतात, आपल्याकडेही. नंदी चुगली करत नाही, थकतही नाही. आपल्या बायकांनी पहाटे जात्याला सासर-माहेर ऐकवलं. गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात अशा लाखभर ओव्या जमा झाल्या. त्या वाचताना वाटतं, जातं नसतं तर हे कुणाच्याच कानी पडलं नसतं.

जिवंत कान नेमायचा तर त्याला कुलूप हवं. 1215 च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक कॅथलिकाला वर्षातून एकदा तरी पाद्र्यापुढे कबुली द्यायला लावली, आणि ऐकलेलं फोडणाऱ्या पाद्र्याला जन्मभर प्रायश्चित्तासाठी मठात डांबण्याचा नियम केला. पण त्या पाद्र्यालाही दुसऱ्या पाद्र्यापुढे गुडघे टेकावे लागतात. पोपही त्यातून सुटत नाही. 1899 मध्ये कुंभकोणमला स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा देवळांच्या या गावात नंदीच्या शेजाराला ही शिस्तही अधिकृतपणे येऊन बसली.

धर्माच्या बाहेर हे काम आलं ते व्हिएन्नात. 1880 ते 1882 या काळात डॉ. योझेफ ब्रॉयर बेर्टा पापेनहाइम या तरुणीचं बोलणं दिवसेंदिवस ऐकत होते. आठवणी सांगितल्या की तिची काही लक्षणं तात्पुरती ओसरत. या उपचाराला ती चेष्टेने धुराडं झाडणं म्हणायची. मनोविश्लेषणाच्या इतिहासात हे प्रकरण मोठ्या दिमाखाने सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते ब्रॉयर यांचं 1907 चं पत्र: असल्या दिव्यातून पुन्हा जायचं नाही, असं आपण तेव्हाच ठरवलं होतं, असं त्यांनी त्यात लिहिलं. भिंत कोसळली ती अशी.

पुढे 1920 च्या दशकात विश्लेषक होऊ पाहणाऱ्याने आधी स्वतः कुणापुढे तरी सगळं बोलावं, असा दंडकच झाला.

आज कुंभकोणमच्या माणसाला रात्री-अपरात्री टेली-मानसचा 14416 हा क्रमांक लावता येतो. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा तमिळमध्ये बोलते, मराठीतही. समुपदेशनाच्या रीतीप्रमाणे फोन घेणाऱ्यानेही ठरावीक वेळाने अनुभवी माणसापुढे बसून आपलं बोलायचं असतं. समुपदेशक हवेत अशा जाहिरातींत संयम मागतात, भाषा मागतात, पाळ्यांची तयारी मागतात. या बसण्याला किती वेळ मिळेल, ते काही छापत नाहीत.