हिरड्याचे पैसे कुणाचे?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एकच प्रश्न कित्येक महिने चुकीचा विचारत होतो.

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, कुकडी आणि घोड नद्यांच्या उगमाकडच्या महादेव कोळी गावांत, मी म्हाताऱ्या माणसांना विचारायचो, “लहानपणी तुम्ही मजुरी करत होता का?” उत्तर ठरलेलं असायचं : “नाही बा, गुरांमागं असायचो.” मी वहीत ‘नाही’ लिहायचो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. मग एकदा एका आजींना सहज विचारलं, पायात पहिली चप्पल कधी घातली? त्या म्हणाल्या, “तेरा-चौदाची आसंन. हिरड्याच्या पैशाची घेतली.” म्हणजे पैसे होते, आणि ते त्यांनी स्वतः कमावलेले होते. फक्त त्या कामाला मजुरी म्हणायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. ते बरोबरच होतं. चूक माझ्या शब्दाची होती.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हिरड्याचं कोवळं फळ, आत आठळी धरायच्या आधी उतरवून वाळवलं की बाळहिरडा होतो. तो औषधात जातो आणि त्याला पिकलेल्या मोठ्या हिरड्याच्या कितीतरी पट भाव मिळतो. मोठा हिरडा कातडी कमावायला लागतो, म्हणूनच इंग्रजांच्या काळात तो परदेशी जायचा. बाळहिरड्याचा हंगाम म्हणजे एप्रिल-मे. पाऊस सुरू व्हायच्या आत तो झोडायचा, वेचायचा, कातळावर पसरून काळा पडेपर्यंत वाळवायचा. हीच शाळेची सुट्टी. आश्रमशाळेतली मुलं नेमकी तेव्हा घरी असतात. झाडावर चढायला अंगानं हलकं माणूस बरं, आणि खाली पडलेलं वेचायला ज्याची पाठ दुखत नाही ते. बारा-चौदा वर्षांच्या पोराला यापेक्षा सोयीचं काम सह्याद्रीत दुसरं नाही.

आता हे कागदावर शोधायला जा. 1927 च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाच्या व्याख्येत हिरडा नाव घेऊन आलेला आहे, आणि तोही जंगलात सापडलेला असो वा नसो, या यादीत. म्हणजे बापाच्या मालकीच्या बांधावरच्या झाडाचा हिरडासुद्धा कायद्याच्या लेखी वनोपजच. हा मुद्दा वाचताना मला पहिल्यांदा कळलं की खात्याचे कागद हिरड्याबद्दल इतकं का बोलतात आणि वेचणाऱ्याबद्दल इतकं कमी का. कागदाला माल दिसतो, त्याचं वजन दिसतं, वाहतूक दिसते. पुढे 1972 मध्ये आदिवासी विकास महामंडळ आलं आणि सरकारी खरेदी सुरू झाली, पण काट्यावर पावती फाटते ती मोठ्या माणसाच्या नावाने. पोराचं गाठोडं बापाच्या पोत्यात रिकामं झालं की अभिलेखातून पोरगं गेलं.

आकडेवारीत शोधलंत तरी तेच. 1981 पासून जनगणनेत वर्षाचे निदान 183 दिवस काम करणारा तो मुख्य कामगार, बाकीचे सीमांतिक. राष्ट्रीय नमुना पाहणीत शाळेत जाणाऱ्या मुलाला 91 हा संकेतांक मिळतो. दुय्यम काम नोंदवायचं तर अलीकडच्या फेऱ्यांत ते वर्षात किमान 30 दिवस केलेलं लागतं. तीन आठवडे हिरडा वेचणारी मुलगी या कोष्टकात फक्त विद्यार्थिनी आहे. तक्ता खोटा नाही. पण तुमच्या प्रबंधात ‘या भागात मुलांची कमाई नगण्य होती’ असं वाक्य तक्ता बघून लिहाल, तर ते वाक्य मात्र खोटं ठरेल. (मी लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी समासात फक्त प्रश्नचिन्ह काढलं.)

उलट टोकाची चूकही होते. 1986 चा बालकामगार कायदा हातात घेऊन गावात गेलं की प्रत्येक पोर पीडित दिसायला लागतं. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी घातली, पण शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्यांना, धोक्याच्या नसलेल्या कामात मदत करायची मोकळीक ठेवली. हिरडा या मोकळ्या जागेत बसतो का? उंच झाडावर चढणं धोक्याचं नाही असं मी तरी म्हणणार नाही.

मी त्या आजींकडे परत गेलो आणि या वेळी पैशाबद्दल विचारलं. कुणी मोजले, कुणाच्या हातात दिले, कशावर गेले. तेव्हा खरी गोष्ट निघाली. त्यांच्या घरात भावाचा हिरडा वेगळा वाळवला जायचा. त्याचं गाठोडं वेगळं, पैसे त्याचे. त्यांचा स्वतःचा हिरडा घरच्या ढिगात जायचा. त्यातून मीठ, मिरची, कांदे-बटाटे यायचे. मग चप्पल? “वेचताना थोडा थोडा मागं ठेवला. दुकानदाराला मापानं घातला. आईला ठाव होतं, बोलली नाय.”

एका घरावरून सगळ्या पट्ट्याचा निष्कर्ष काढायचा नसतो, हे मला कळतं. पण तेव्हापासून माझ्या प्रश्नावलीत ‘मजुरी’ हा शब्द नाही. ‘वेगळं गाठोडं होतं का?’ असा प्रश्न आहे, आणि तो मी भावांना आणि बहिणींना वेगवेगळं बसवून विचारतो. उत्तरं जुळत नाहीत. भावांना बहिणीचा हिरडा बहुतेक आठवतच नाही.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने या भागातल्या हिरड्याचं मोठं नुकसान केलं. भरपाईसाठी इथल्या आदिवासींना पुढे वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. त्या वर्षी कुठल्या घरातलं कुणाचं वेगळं गाठोडं गेलं, हे मी आता विचारत फिरतोय. तेव्हाची तेरा वर्षांची मुलं अजून तरुणच आहेत, त्यांना सगळं आठवतं.