निदान : करुणेची पहिली पायरी (नालवाडी परिसरातील रुग्णसेवेचा वारसा आणि बालकांचे रक्तविकार)

जैन परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. गावोगावच्या जैन समाजाने पाणपोया, धर्मशाळा, पाठशाळा, पांजरपोळ आणि दवाखाने उभारून ही परंपरा पिढ्यानपिढ्या जिवंत ठेवली आहे. दशवैकालिक सूत्राने मात्र या साऱ्या करुणाकार्याला एक क्रम घालून दिला आहे. तेथे ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान आहे. ज्याला जीव ओळखता येत नाही त्याच्याकडून जीवरक्षा घडणार नाही, हा त्यामागील विचार होय. वैद्यकशास्त्राला हा क्रम तंतोतंत लागू पडतो. रोग कोणता हे कळल्याविना दिलेले औषध कितीही महाग असले तरी ते दान सत्पात्री पडेलच असे नाही. लहान मुलांचे रक्तविकार आणि कर्करोग यांच्या बाबतीत हे सत्य विशेष तीव्रतेने जाणवते, आणि वर्धा परिसराच्या इतिहासात त्याची साक्ष पदोपदी मिळते.

नालवाडी आणि दत्तपूर

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीचे नाव देशाच्या इतिहासात आले ते आचार्य विनोबा भावे यांच्या वास्तव्यामुळे. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबाजी १९२१ साली वर्ध्याला आले आणि १९३२ च्या अखेरीस नालवाडीत राहावयास गेले. १९३४ साली ग्रामसेवा मंडळाची स्थापना झाली. १९३८ साली प्रकृतीच्या कारणाने ते पवनारला गेले, तरी त्या पाच-सहा वर्षांत नालवाडी हे ग्रामसेवेचे एक तेजस्वी केंद्र बनले होते. जैन समाजाला विनोबाजींविषयी वाटणाऱ्या आत्मीयतेची कारणे सर्वश्रुत आहेत. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षी, १९७४ साली, त्यांच्याच प्रेरणेने जिनेंद्र वर्णीजींनी संकलित केलेला ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सर्व संप्रदायांच्या संमतीने सिद्ध झाला; आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दीपावलीच्या म्हणजेच महावीर निर्वाणाच्या दिवशी, अन्न व औषध यांचा त्याग करून त्यांनी पवनार येथे देह ठेवला.

नालवाडीतील कार्यकर्ते सभोवतालच्या खेड्यांत हिंडत असताना त्यांना घराघरांत लपवून ठेवलेले कुष्ठरुग्ण दिसू लागले. विनोबाजींचे सहकारी मनोहर दिवाण यांनी हे दुःख आपले मानले आणि १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठरुग्णसेवेचे कार्य सुरू केले. त्या काळी या रोगावर परिणामकारक औषध नव्हते; होती ती केवळ रुग्णाजवळ जाण्याची तयारी. पुढे डॅप्सोन हे औषध आले आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी गांधी स्मारक निधीच्या पुढाकाराने वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभे राहिले. त्याचे पहिले संचालक डॉ. वर्देकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री मांडली. रुग्ण दवाखान्यात येईल म्हणून वाट पाहत न बसता कार्यकर्त्याने घरोघर जावे, रोग प्रारंभीच ओळखावा, लोकांच्या मनातील भीती घालवावी आणि मग औषध द्यावे, असा तो मार्ग होता. राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने ही पद्धती स्वीकारली. या त्रिसूत्रीत उपचाराचा क्रमांक तिसरा आहे, ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे.

सेवाग्रामचे रुग्णालय

नालवाडीपासून काही किलोमीटरवर सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी कस्तुरबांच्या स्मरणार्थ रुग्णालय सुरू केले. १९४५ च्या सुमारास ते स्त्रिया आणि बालकांसाठी अवघ्या १५ खाटांचे होते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली आणि ग्रामीण भागातील वैद्यकीय महाविद्यालयाची कल्पना साकार झाली. गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन चालविलेली आरोग्य विमा योजना ही या संस्थेची एक आगळी देणगी होय. डॉ. उल्हास जाजू यांच्या या कार्यामुळे, रोख पैसा हाती नसलेल्या शेतकऱ्याच्या मुलालाही तपासणीचा दरवाजा उघडा झाला.

गरीब वस्तीतील रुग्णालयात डॉक्टर पूर्वापार मुलाच्या डोळ्याची पापणी खाली ओढून रक्ताची कमतरता अजमावीत आले आहेत. ही जुनी रीत कितपत भरवशाची आहे, याचा अभ्यास सेवाग्रामच्याच डॉक्टरांनी केला. २०१० साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. डोळ्यांना, जिभेला किंवा तळहाताला फिकेपणा दिसला नाही म्हणून रक्तक्षय नाही असे मानता येत नाही. शिवाय फिकेपणा हे केवळ लक्षण होय. त्यामागे लोहाची उणीव असेल, हिवताप असेल, सिकलसेल असेल, थॅलेसेमिया असेल किंवा रक्ताचा कर्करोगही असेल. पाचही मुलांना लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठविले, तर त्यांतील एकालाच त्यांचा गुण येण्याचा संभव.

विदर्भाच्या रक्तातील सिकलसेल

१९१० साली अमेरिकेतील शिकागो येथे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी या रोगाचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष आढळला आणि १९५८ साली डॉ. शुक्ला व डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा आपला लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. तोवर विदर्भातील असंख्य मुलांचे सांधे का दुखतात, ती वारंवार पिवळी का पडतात आणि एखाद्या तापात अकस्मात का दगावतात, याला नाव नव्हते. संधिवात, कावीळ, दृष्ट, पूर्वकर्म अशा अनेक शब्दांनी ते अज्ञान झाकले जात असे. दोष मात्र बहुधा आईच्या माथी येई.

वास्तविक हा दोष आई आणि वडील या दोघांकडूनही यावा लागतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक व्यक्ती स्वतः निरोगी दिसते, म्हणून रक्ततपासणीशिवाय ती ओळखता येत नाही. ही तपासणी अवघड नाही. रक्ताचे थेंब विशिष्ट द्रावणात मिसळले असता ते गढूळ झाले, तर सिकल हिमोग्लोबिन असल्याचा संशय येतो. एवढ्यावरून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे मात्र उमगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी लागते. पहिली चाचणी खेड्यातही होऊ शकते. दुसरीसाठी यंत्र, वीज आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा. अनेक ठिकाणी साखळी येथेच तुटते आणि अर्धवट निदानाचा कागद घेऊन आईबाप घरी परततात.

सेवाग्रामच्या बालरोग विभागातील डॉ. मनीषा कांबळे व डॉ. पुष्पा चतुर्वेदी यांनी ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या सिकलसेलग्रस्त मुलांचा अभ्यास करून २००० साली ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये तो प्रसिद्ध केला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेबरोबर नवजात अर्भकांची तपासणी करून निदान झालेल्या मुलांची पुढे अनेक वर्षे देखभाल केली. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. जन्मानंतरचे काही महिने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बाळाचे रक्षण करते आणि रोग दिसत नाही. तो दिसू लागण्यापूर्वीच ओळखला, तर पेनिसिलिनसारख्या स्वस्त औषधाने प्राणघातक जंतुसंसर्ग टाळता येतो, हे १९८६ साली अमेरिकेतील चाचणीने सिद्ध केले होते. पुढे हायड्रॉक्सियुरियानेही वेदनांचे झटके कमी करता येऊ लागले. औषध असूनही मूल दगावले, तर बहुतेक वेळा उशीर निदानाला झालेला असतो.

बालकांचा कर्करोग

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा कर्करोग, ल्युकेमिया. १९४८ साली बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने अशा मुलांचा रोग काही काळ तरी माघार घेतो, हे प्रथम दाखविले. ते औषध ज्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रात जन्मलेले भारतीय शास्त्रज्ञ होते. त्यानंतरच्या काही दशकांत हा रोग बरा होऊ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार दरवर्षी जगात सुमारे ४ लाख मुले व किशोरवयीन कर्करोगाने ग्रस्त होतात. संपन्न देशांत त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्केदेखील बरी होत नाहीत. २०१८ साली सुरू झालेल्या जागतिक उपक्रमाने २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचविण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. या तफावतीच्या कारणांमध्ये चुकलेले वा उशिरा झालेले निदान अग्रक्रमाने गणले जाते.

विदर्भात ही अडचण अधिकच बिकट होते. ताप, हाडांचे दुखणे आणि फिकेपणा ही लक्षणे सिकलसेलची आहेत तशीच ल्युकेमियाचीही आहेत. अशा मुलाला निदानापूर्वीच स्टेरॉइड दिले गेले, तर काही दिवस ते टवटवीत होते, आईबाप सुखावतात आणि रोगाच्या खुणा तात्पुरत्या पुसल्या जातात. तो उलटतो तेव्हा मोलाचा काळ हातचा गेलेला असतो. याउलट काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब पसरून, त्यावर लीशमन रंग चढवून, जाणत्या डोळ्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर पुष्कळदा पहिला संशय तेथेच येतो. हा रंग १९०१ पासून प्रचारात आहे आणि त्याचा खर्च नगण्य आहे. दुर्मीळ आहे तो जाणता डोळा. पुढे अस्थिमज्जेची तपासणी आणि फ्लो सायटोमेट्री यांवरून ल्युकेमियाचा प्रकार ठरतो व त्यावर औषधयोजना अवलंबून असते.

महाराष्ट्रात या शास्त्राचा पाया मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात घातला गेला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून गौरविले गेलेल्या खानोलकरांनी कर्करोगाबरोबर कुष्ठरोगाचेही संशोधन केले, ही बाब वर्धेकरांना जवळची वाटावी. त्याच रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी बालपणी पोलिओने आलेल्या अपंगत्वावर मात करून १९८० च्या दशकात बालकांच्या ल्युकेमियासाठी एकसूत्री उपचारपद्धती रूढ केली. परगावच्या रुग्णांना निवारा देणारी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा हीदेखील विदर्भाच्याच एका संताची देणगी होय.

समाजाचे कर्तव्य

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे ध्येय आहे. वर्देकरांच्या त्रिसूत्रीचीच ही पुढची आवृत्ती म्हणता येईल.

सिकलसेल हा दुसऱ्यांच्या घरचा रोग, अशी समजूत व्यापारी समाजात आढळते. परंतु त्याचाच भाऊबंद असलेला थॅलेसेमिया सिंधी, लोहाणा, भानुशाली आणि गुजरातेतून आलेल्या अनेक समाजांत अधिक प्रमाणात दिसतो. वधू-वर परिचय मेळाव्यांत शिक्षण, व्यवसाय, गोत्र यांची चौकशी कसोशीने होते. तेथेच रक्ततपासणीची सोय केली, तर पुढच्या पिढीचे मोठे दुःख टळेल. वाहक असणे हा कलंक नाही आणि त्यामुळे विवाह मोडण्याचेही कारण नाही. दोघेही वाहक असल्यास मात्र वेळीच वैद्यकीय सल्ला घ्यावयास हवा.

दानाविषयीही असाच विचार व्हावा. इमारतीवर कोरलेले नाव सर्वांना दिसते. सूक्ष्मदर्शक, रंगद्रव्ये, तंत्रज्ञाचे प्रशिक्षण, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पोहोचविण्याचा खर्च, निदान झालेल्या मुलाच्या आईबापांचे बसभाडे यांवर कोणाचे नाव कोरता येत नाही. गुप्तदानाला श्रेष्ठ मानणाऱ्या समाजाला ही अडचण वाटू नये. अशा दानात औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान यांचा त्रिवेणी संगम होतो. कारण ज्या आईला आपल्या मुलाच्या दुखण्याचे नाव कळले, तिची अर्धी भीती तेथेच ओसरते.

नालवाडीच्या कार्यकर्त्यांनी बंद दारांआडचा रुग्ण शोधून काढला, तेव्हा त्यांच्याजवळ औषधही नव्हते. आज औषध आहे, यंत्रे आहेत आणि शासनाचे अभियानही आहे. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी समाजाने त्या शोधक करुणेचा वारसा पुढे न्यावा आणि या परिसरातील एकही बालक निदानावाचून राहू नये, हीच भगवान महावीरांच्या चरणी प्रार्थना. जय जिनेंद्र!