छापील पानावरील काता

जी विद्या शब्दांपेक्षां शरीरानेंच अधिक शिकविली जाते, तिला ग्रंथाचा आधार कितपत देतां येतो, हा प्रश्न ग्रंथांवरच उदरनिर्वाह करणाऱ्या आम्हांसारख्यांस विचार करावयास लावणारा आहे. कराटेचा इतिहास पाहिला असतां याचें एक मासलेवाईक उदाहरण हातीं लागतें. ठरलेल्या क्रमानें व ठरलेल्या रेषांवर एकट्यानें करावयाचे प्रहार, प्रतिबंध आणि पवित्रे यांची मालिका म्हणजे काता. प्रतिस्पर्धी समोर नसतो. तो कल्पावयाचा असतो. ओकिनावा बेटावरील या विद्येचें सारें भांडवल अशा कातांतच साठविलेलें होतें.

हें भांडवल कागदावर मात्र नव्हतें. बुबिशी नांवाच्या एका चिनी ग्रंथाच्या हस्तलिखित नकला कांहीं गुरूंपाशीं होत्या. परंतु त्यांत मर्मस्थानें, औषधी आणि झटापटीचे डाव आहेत, कोणता पाय केव्हां कोठें टाकावा हें नाहीं. गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) आपले गुरु अझातो यांच्या अंगणांत रात्रीं शिकले. तेथें एकच काता महिनोन् महिने घोटून घेतला जाई. तेक्की या नांवाचे तीन काता शिकण्यांत आपलीं दहा वर्षें गेलीं असें त्यांनीं पुढें लिहिलें आहे. जेथें शिष्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि गुरु डोळ्यांसमोर, तेथें पुस्तकाची गरज कोणास वाटणार?

ती गरज शाळेनें उत्पन्न केली. विसाव्या शतकाच्या आरंभीं आन्को इतोसु यांनीं ही विद्या ओकिनावांतील शाळांत नेली आणि मुलांसाठीं पिनान हे पांच काता प्रचारांत आणले. १९०८ सालीं त्यांनीं तिचे गुण दहा कलमांत लिहून अधिकाऱ्यांपुढें मांडले. एका शिक्षकापुढें पन्नास मुलें उभीं राहिलीं, कीं एक, दोन, तीन असे अंक उच्चारावे लागतात. आणि ज्या क्रियेला अंक मिळाला, तिला चित्र आणि मथळा मिळण्यास वेळ लागत नाहीं. कवायत आणि छपाई यांचें नातें आम्हांस असें जवळचें वाटतें.

फुनाकोशी स्वतः शाळामास्तरच होते. १९२२ सालीं त्यांनीं टोकियोंत या विद्येचें प्रात्यक्षिक दाखविलें व त्याच वर्षीं ‘र्‍यूक्यू केंपो कराटे’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत रेखाचित्रें होतीं. पुढच्याच वर्षीं, १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपांत, त्याचे छापण्याचे ठसे नष्ट झाले. म्हणून १९२५ सालीं निघालेल्या सुधारलेल्या ग्रंथांत रेखाचित्रांच्या जागीं खुद्द ग्रंथकाराचीं छायाचित्रें आलीं. एका आपत्तीमुळें पुढील पिढ्यांना अधिक विश्वसनीय पुरावा मिळाला, हा दैवाचा विचित्र खेळ होय. १९३५ सालीं ‘कराटे-दो क्योहान’ निघालें; त्यांत पंधरा काता आहेत. दरम्यान चोकी मोतोबु यांचीं पुस्तकें १९२६ व १९३२ सालीं, आणि केन्वा माबुनी यांचीं १९३४ सालीं प्रसिद्ध झालीं होतीं.

ग्रंथ झाले, तरी वाट सरळ झाली नाहीं. पहिली अडचण नांवांची. फुनाकोशींनीं जुनीं नांवें बदलून जपानी कानांस रुचणारीं घातलीं : पिनानचें हेइआन झालें, नाइहान्चीचें तेक्की, कुशान्कूचें कान्कू. इतकेंच नव्हे, तर पहिल्या पिनानपेक्षां दुसरा सोपा म्हणून त्यांनीं त्यांचा क्रमही उलटा केला. त्यामुळें शोतोकान पंथाचा विद्यार्थी आपला पहिला काता माबुनींच्या परंपरेच्या पुस्तकांत पहिल्या क्रमांकाखालीं शोधूं लागला, तर त्याला भलताच काता सांपडतो. त्याचा तेथें दुसरा असतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. १९२५ च्या छायाचित्रांतील फुनाकोशी पुष्कळसे उंच, स्वाभाविक पवित्र्यांत उभे दिसतात. त्यांच्याच पंथाचे आजचे विद्यार्थी लांब व खोल बसलेले पवित्रे घेतात. या बदलाचें श्रेय बहुधा त्यांचा मुलगा योशिताका यास दिलें जातें. मग खरा काता कोणता? जुनें पान उघडून विद्यमान गुरूस चुकीचा ठरविणारा, आणि विद्यमान गुरूच्या शब्दाखातर जुनें पान मिटून टाकणारा, हे दोघेही आमच्या मतें सारखेच उतावळे होत. छायाचित्र हा कायदा नव्हे. तो एका माणसाच्या, एका वर्षींच्या शरीराची साक्ष आहे. साक्षीदाराची जशी उलटतपासणी होते, तशी त्याचीही झाली पाहिजे : कोणती आवृत्ति, कोणत्या वर्षाची, आणि चित्रांतील माणूस कोण?

शिवाय चित्र थांबलेल्या क्षणाचें असतें, आणि काता दोन क्षणांच्या मध्यें राहतो. मासातोशी नाकायामा (१९१३–१९८७) यांनीं ‘बेस्ट कराटे’ या अकरा भागांच्या मालेंत एकेका हालचालीचीं ओळीनें छायाचित्रें आणि पावलांच्या आकृत्या देऊन हें अंतर पुष्कळ कमी केलें. हेइआन शोदान या काताच्या त्यांच्या पद्धतींत एकवीस क्रिया मोजतात. परंतु विसावी आणि एकविसावी यांच्या मध्यें श्वास कोठें सोडावा, कंबर आधीं वळते कीं पाऊल, हें पानावरून वाचणारास तोंडपाठ होतें, अंगवळणी पडत नाहीं.

तरीही पुस्तकांची किंमत आम्ही कमी लेखीत नाहीं. १९४५ च्या युद्धांत शुरीचा राजवाडा भस्मसात् झाला आणि ओकिनावांतील असंख्य माणसें मेलीं. जें अंगांत होतें, तें अंगाबरोबरच गेलें. जें छापलें गेलें, त्यांतील कांहीं तरी उरलें. शिकविणाऱ्यानें म्हणून पुस्तक गुरूच्या जागीं बसवूं नये, पण शेजारीं अवश्य ठेवावें. गुरूची स्मृति कोठें बदलली हें पुस्तक सांगतें, आणि पुस्तक कोठें मुकें आहे हें गुरूचें शरीर सांगतें. दोहोंपैकीं एकावरच विसंबणाऱ्याच्या हातीं फार तर अर्धाच काता लागेल.